सख्ख्या भावाची कातडी आणि पीटर मेडावर



नर्सिंगचा डिप्लोमा मी मुंबईत केला. अलिया करून इथे आल्यावर निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच उभी राहिले, आणि शेवटची बरीच वर्षं किडनीच्या पेशंटांमध्ये गेली. तिथे आपल्याच मराठी बोलणाऱ्यांपैकी एक बाई होत्या. त्यांना धाकट्या सख्ख्या भावाने किडनी दिली. रक्तगट जुळला, टिश्यू टायपिंगचा रिपोर्ट आला तो तर पूर्ण जुळलेला. डॉक्टर खूष, घरचे खूष. डिस्चार्जच्या दिवशी मी गोळ्यांचा तक्ता समजवायला बसले, तेव्हा त्यांच्या यजमानांनी मला विचारलं की सिस्टर, सगळंच जुळलंय तर जन्मभर ह्या गोळ्या कशाला? मला जे पाठ होतं ते मी सांगितलं, की शरीर परकी वस्तू ओळखतं आणि तिच्यावर हल्ला करतं. त्यावर ते म्हणाले की परकी कशी, सख्ख्या भावाची आहे ना. माझ्याकडे पुढचं उत्तर नव्हतं. गोळ्या चुकवू नका एवढंच सांगून मी उठले.

तो प्रश्न डोक्यात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा मुलाने आणून दिलेली पुस्तकं चष्मा लावून हळूहळू वाचली. कुठूनही सुरुवात केली तरी गोष्ट एकाच माणसाकडे जात होती. सर पीटर मेडावर. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे होते. पण आज ज्याच्या अंगात दुसऱ्याची किडनी किंवा यकृत काम करतंय, त्या प्रत्येकावर त्यांचे उपकार आहेत.

त्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील लेबनॉनचे, दातांच्या दवाखान्याला लागणाऱ्या सामानाचे एजंट. आई इंग्लिश. लहानपणीच त्यांना इंग्लंडला आणलं. नाव परकं, चेहरा थोडा वेगळा, त्यामुळे बोर्डिंग शाळेत त्यांचे दिवस वाईट गेले आणि त्या शाळेचा राग त्यांच्या मनातून म्हातारपणीही गेला नाही. दोन देशांत वाढलेल्या मुलांचं काय होतं हे आपल्याला कोणी सांगायला नको. पुढे ऑक्सफर्डला प्राणिशास्त्रात पहिला वर्ग मिळवला आणि तिथेच हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत काम धरलं. हे तेच फ्लोरी, ज्यांनी पेनिसिलिन औषध म्हणून वापरण्याजोगं केलं. १९३७ मध्ये जीन टेलर ह्या मुलीशी लग्न केलं. तिच्या घरच्यांना जावई पसंत नव्हता, एका मावशीने की आत्याने तर तिला आपल्या वारशातून काढून टाकलं. संसार मात्र पन्नास वर्षं टिकला, चार मुलं झाली.

आता १९४०. इंग्लंडवर जर्मन विमानं येत होती. रविवारची दुपार होती, मेडावर बायको आणि लहान मुलीबरोबर बागेत बसले होते, आणि एक ब्रिटिश बाँबर त्यांच्या घराजवळ येऊन कोसळलं. त्यातला एक तरुण वाचला पण अंग भयंकर भाजलेलं. डॉक्टरांनी मेडावरना बोलावून विचारलं की काही सुचतंय का. त्यांना काही सुचलं नाही. कातडी कशी वाढते हे ते प्रयोगशाळेत पाहत होते, पण समोर माणूस होता आणि त्याला झाकायला पुरेशी कातडीच शिल्लक नव्हती.

इथे मी जरा थांबते. १९७० च्या सुमारास मुंबईत आमच्या बर्न्स वॉर्डात स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या मुली यायच्या. नायलॉनची साडी अंगाला चिकटलेली. ड्रेसिंग सोडवायला आम्ही सलाइनने भिजवत बसायचो तरी त्या किंचाळायच्या. अशाच एका मुलीची आई रोज डॉक्टरांच्या पाया पडायची, माझ्या पाठीची सगळी कातडी काढा आणि हिला लावा म्हणून. डॉक्टर सांगायचे की टिकणार नाही. ती म्हणायची, नऊ महिने पोटात टिकली ना. त्या मुलीचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

तर मेडावर ग्लासगोला गेले. तिथल्या रॉयल इन्फर्मरीत टॉमस गिबसन नावाचे सर्जन भाजलेल्यांवर काम करत होते. सरकारच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दोघांना एकत्र बसवलं. एक बावीस वर्षांची बाई होती, तिला फिट यायची. फिट येऊन ती गॅसच्या शेगडीवर पडली होती. गिबसन आणि मेडावर यांनी तिच्या जखमेवर कातडीचे चिमटीएवढे तुकडे लावले, म्हणजे आम्ही पिंच ग्राफ्ट म्हणायचो ते. काही तुकडे तिच्या स्वतःच्या मांडीचे, आणि साधारण पन्नास तिच्या सख्ख्या भावाचे. पहिले काही दिवस दोन्हींत फरक दिसेना. भावाचेही तुकडे गुलाबी, त्यांच्यातून रक्त फिरू लागलेलं. मग दुसऱ्या आठवड्यानंतर भावाचे तुकडे सुजले, सैल झाले आणि विरघळून गेले. तिचे स्वतःचे तसेच छान राहिले.

इथवर बऱ्याच सर्जनांना ठाऊक होतं. ह्या दोघांनी पुढची पायरी घेतली. साधारण पंधरा दिवसांनी त्याच भावाचे तुकडे दुसऱ्यांदा लावले. ह्या वेळी त्यांना आठवडाभरही धड मिळाला नाही, ते लगेचच मरू लागले.

नर्सबाई म्हणून मला ह्या प्रयोगाचं फार कौतुक वाटतं, कारण त्यात यंत्र काही नाही. रोज ड्रेसिंग उघडून नीट बघायचं आणि लिहून ठेवायचं. दुसऱ्या वेळी नाश लवकर झाला, याचा अर्थ शरीराने पहिली ओळख लक्षात ठेवली होती. गोवर एकदा झाला की शरीर तो विसरत नाही, तसंच. म्हणजे भावाच्या कातडीत दोष नव्हता आणि सर्जनच्या हातातही नव्हता. तिच्या अंगातली रोगप्रतिकारक शक्तीच भावाला ओळखून हाकलत होती. हे त्यांनी १९४३ मध्ये छापलं. मग मेडावर यांनी ऑक्सफर्डला परत येऊन २५ ससे घेतले, ह्याची कातडी त्याला आणि त्याची ह्याला असं करत ६२५ शस्त्रक्रिया केल्या आणि तेच पक्कं केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं की मरणाऱ्या कातडीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली असते. त्या पेशी तिथे काय करतात हे मात्र तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

युद्ध संपल्यावर ते बर्मिंगहॅमला प्रोफेसर झाले, १९५१ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. ह्या काळात एक मजेची गोष्ट घडली. स्टॉकहोमला एका परिषदेत एका गुरांच्या तज्ज्ञाने त्यांना विचारलं की जुळी वासरं एकाच बीजाची की दोन बीजांची, हे ओळखायचं कसं. मेडावर म्हणाले की त्यात काय, एकाची कातडी दुसऱ्याला लावा, टिकली तर एकाच बीजाची. बोलून बसले आणि मग करावं लागलं. आपले सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम यांना घेऊन थंडीवाऱ्यात गोठ्यात जाऊन त्यांनी वासरांना ग्राफ्ट लावले. आणि सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी ठेवून घेतली! एक गोऱ्हा आणि एक कालवड असली तरी. सगळा अंदाज चुकला.

कारण नंतर कळलं. अमेरिकेत रे ओवेन यांनी १९४५ मध्येच दाखवलं होतं की जुळ्या वासरांचं रक्त आईच्या पोटात एकमेकांत मिसळतं. म्हणजे गर्भात ज्याची ओळख झाली त्याला शरीर पुढे आपलंच मानतं. ऑस्ट्रेलियाचे बर्नेट यांनी तसा तर्क पुस्तकात मांडला होता. तो सिद्ध करायचं काम मेडावर, बिलिंगहॅम आणि त्यांचा विद्यार्थी लेस्ली ब्रेंट यांनी हाती घेतलं.

लेस्ली ब्रेंटबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात. त्यांचं खरं नाव लोथार बारुख. जर्मनीतला ज्यू मुलगा. शाळेत इतका छळ झाला की आईवडिलांनी त्याला बर्लिनच्या ज्यू अनाथाश्रमात ठेवलं. डिसेंबर १९३८ मध्ये मुलांची पहिली किंडरट्रान्सपोर्ट तुकडी इंग्लंडला निघाली, तिच्यात तो होता, वय तेरा. आईवडील आणि बहीण मागे राहिले आणि नाझींनी तिघांनाही मारलं. पुढे ह्या मुलाने संबंध आयुष्य ह्याच प्रश्नात घातलं, की शरीर आपलं कोणाला म्हणतं आणि परकं कोणाला. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

प्रयोग असा होता. उंदरांच्या दोन जाती, एक तपकिरी आणि एक पांढरी. तपकिरी उंदरीण गाभण असताना तिच्या पोटातल्या पिल्लांना सुईने पांढऱ्या जातीच्या पेशी टोचल्या. पिल्लं जन्मली, मोठी झाली. मग त्यांच्यावर पांढऱ्या उंदराची कातडी लावली. एरवी ती दहाबारा दिवसांत मेली असती. पण काही पिल्लांवर ती राहिली, तिच्यावर पांढरे केस उगवले. तपकिरी उंदीर आणि अंगावर पांढरं ठिगळ! १९५३ मध्ये हे नेचर मासिकात आलं आणि परकी कातडी औषधाशिवायही टिकू शकते हे जगाला पहिल्यांदा दिसलं. ह्याला त्यांनी टॉलरन्स म्हणजे सहनशीलता हे नाव दिलं. आमच्या पिढीच्या बायकांना हा शब्द इतका ऐकवला गेलाय की मला तो आवडत नाही, पण इथे शोभतो.

त्याच कामात आणखी एक गोष्ट होती. अशा ठिगळवाल्या उंदराला त्यांनी साध्या तपकिरी उंदराच्या लसिका ग्रंथीतल्या पेशी टोचल्या, म्हणजे काखेत जांघेत अवधाण येतं त्या गाठींतल्या. त्या पेशींना आधी पांढऱ्या कातडीची ओळख करून दिलेली होती. कित्येक आठवडे सुखाने राहिलेलं ठिगळ नष्ट झालं. म्हणजे मारेकरी रक्तातलं पाणी नव्हतं, त्या पेशी होत्या.

१९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना मिळालं. मेडावर यांना ब्रेंट आणि बिलिंगहॅम यांची नावं नसल्याचं इतकं वाटलं की त्यांनी पत्र लिहून दोघांना आपल्या पैशातला वाटा दिला. असे साहेब सगळ्यांना मिळोत.

पण मोठी माणसंही चुकतात. एका व्याख्यानानंतर विद्यार्थ्याने विचारलं होतं की याचा पेशंटांना उपयोग काय, तर मेडावर यांनी काहीच नाही असं उत्तर दिलं. ते ऐकणाऱ्यांत रॉय कॅल्न नावाचा तरुण होता. त्याने ते मनावर घेतलं नाही आणि पुढे किडनीसाठी औषधं शोधण्यात आयुष्य घालवलं. आपल्या पेशंटांच्या गोळ्यांमागे त्यांचं नाव आहे. दुसरी चूक त्याहून मोठी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. १९६१ मध्ये लंडनमध्येच जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली, तर ते उंदीर परकी कातडी ओळखेनासे झाले. तरी १९६३ मध्ये मेडावर यांनी एका बैठकीत असं मत दिलं की थायमसमध्ये लिम्फोसाइट असणं हा नुसता योगायोग ठरेल. झालं उलटं. त्याच ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशींना आज थायमसच्या अक्षरावरून टी पेशी म्हणतात, आणि ग्लासगोच्या बाईच्या जखमेवर जमलेली गर्दी मुख्यतः त्यांचीच होती.

आता त्या यजमानांच्या प्रश्नाकडे येते. आपली प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि ते दारात मांडून ठेवते. ज्यावर मांडते ते ताट म्हणजे एचएलए. टायपिंगमध्ये आपण ही ताटं जुळवतो. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. टी पेशी दारोदार फिरते आणि ताट आणि त्यावरचा घास दोन्ही एकत्र बघते. नुसता घास तिला दिसत नाही. हे १९७४ मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं. ताटच वेगळं असेल तर मोठा गोंधळ होतो. पण ताट तेच असलं तरी घास वेगळा असू शकतो. दोन बहिणींकडे आईने दिलेली सारखी ताटं आहेत, दोघींनी चिकाचा हलवाच केलाय, पण एकीने वेलदोडा घातला आणि दुसरीने जायफळ. लांबून सारखंच दिसतं. टी पेशीला मात्र तेवढा फरक पुरतो. प्रथिनातला एकच दाणा बदललेला असला तरी ती ओळखते. ह्या लहान खुणांना मायनर अँटिजेन म्हणतात.

आणि ती ओळखते कशी? थायमस ही टी पेशींची शाळा. तिथे त्यांना आपल्या घरचे सगळे घास दाखवतात, आणि त्यांच्यावर जी धावून जाते ती पेशी तिथेच मारली जाते. मेडावर यांच्या पिल्लांनी पोटात असताना शिकलं ते हेच. बहिणीच्या शाळेत बहिणीचे घास दाखवले गेले, भावाचे नाही. म्हणून भावाच्या जायफळावर धावणाऱ्या पेशी तिच्या अंगात शाबूत राहतात.

उंदरांत अमेरिकेचे जॉर्ज स्नेल यांनी ताटाचा जोरदार भाग आणि असे बरेच कमजोर भाग वेगळे करून दाखवले होते. त्यांना दोसे आणि व्हान रूड यांच्याबरोबर १९७८ चं वुल्फ पारितोषिक इथे इस्राएलमध्ये मिळालं. कमजोर खुणेमुळे कातडी लगेच मरत नाही, कधी आठवडे तर कधी महिने लागतात. पण अशा चारसहा खुणा एकत्र आल्या की त्या जोरदार होतात.

ह्या खुणांतली सगळ्यात जुनी माहीत असलेली गंमतीची आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत आयशवाल्ड आणि सिल्मसर यांना दिसलं की एकाच जातीच्या उंदरांत नराची कातडी मादी नाकारते, बाकी सगळ्या जोड्या जमतात. पुरुषपणाच्या वाय गुणसूत्रावरून येणारी ही खूण. बिलिंगहॅम तेव्हा अमेरिकेत होते, त्यांनी आणि सिल्व्हर्स यांनी तिला एच-वाय नाव दिलं. माणसांत ती कळली १९७६ च्या सुमारास, हॉलंडच्या लायडनमध्ये. एका बाईला भावाचा बोन मॅरो दिला होता, ताटं पूर्ण जुळलेली, तरी तिने तो नाकारला. एल्स गुलमी यांनी तिच्या टी पेशी तपासल्या तर त्या पुरुषांच्याच पेशी मारत होत्या, तेही तिचंच ताट असलेल्या पुरुषांच्या. पुन्हा बहीण आणि भाऊ, ग्लासगोसारखेच. ज्या बायकांना मुलगे झालेत त्यांच्या रक्तातही अशा पेशी सापडतात असं पुढे दिसलं. म्हणजे माझ्या दोघांनी पोटातच आपली ओळख ठेवली असणार.

मेडावर यांना हे सगळं बघायला मिळालं ते अर्ध्या शरीराने. सप्टेंबर १९६९, वय चौपन्न. ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये ते वाचन करत होते, आणि तिथेच मेंदूत रक्तस्राव झाला. डावी बाजू गेली, नजरेचाही डावा भाग गेला. असे पेशंट मी खूप पाहिलेत. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं, कारण ते दिसतच नाही. बरेच जण भिंतीकडे तोंड करून पडतात. हे परत कामाला गेले. मिल हिलच्या मोठ्या संस्थेचं संचालकपद सोडलं आणि नॉर्थविक पार्कच्या क्लिनिकल रिसर्च सेंटरमध्ये लहान जागा घेतली. तिथेच एलिझाबेथ सिम्पसन एच-वायच्या मागे लागल्या होत्या. एका हाताने उंदीर कसा धरणार? सहकारी धरायचे, हे बघायचे. पुस्तकं लिहिली. जीनबाई गाडी चालवायच्या, कपड्यांची बटणं लावायच्या आणि पुस्तकांतही हात लावायच्या. नोबेल त्यांना नव्हतं, पण माझ्या हिशेबात आहे.

पुढे आणखी झटके आले. १९८५ मध्ये विज्ञान लोकांना समजावून सांगितल्याबद्दल युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं, जे आपल्या ओडिशाच्या बिजू पटनायक यांच्या देणगीतून सुरू झालं. २ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडनमध्ये ते गेले. एच-वायचा घास नक्की कोणत्या जीनमधून येतो हे १९९५ मध्ये सापडलं, ते त्यांना कळलं नाही.

त्या बाई मला अजून कुपत खोलिममध्ये भेटतात. किडनी चालू आहे, गोळ्याही चालू आहेत. यजमान आता नाहीत. मागच्या महिन्यात रांगेत बसलो असताना मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, हलव्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या की भावाला आज रात्री फोन करून सांगते, तुझी किडनी बरी आहे पण तुझा पुरुषपणा मला तीस वर्षांत पचला नाही. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.